गफूर सरांची डबी

गफूर सरांना नमस्कार केला, तर ते उलट नमस्कार करत नसत. "काय पाह्यलं?" एवढंच विचारत.

माझा पहिला दिवस होता. यवतमाळच्या बाहेरच्या धावपट्टीवर विमान शिकवणारी एक खासगी संस्था निघाली होती आणि तिच्या रेडिओच्या खोलीत बसायला मला घेतलं होतं. मी मारेगावची, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली. स्टँडवरून ऑटोनं आले, ओढणी सारखी केली आणि आत शिरले. दारात एक उंच, वाळका माणूस उभा होता. अंगात खांद्यावर पट्ट्या असलेला पायलटचा शर्ट, पायात साधी चप्पल, डोक्यावर विणलेली पांढरी टोपी. मी नमस्कार केला.

"काय पाह्यलं रस्त्यानं?"

"काही नाही सर, ऑटोनं आले."

"ऑटोत डोये मिटून बसतेत का?"

राग आला होता, पण पहिलाच दिवस. मग तेच जरा मवाळ होऊन म्हणाले, "पाण्याच्या टाकीवर दोन मानसं चढून रंग देऊन राह्यले होते. ते तरी पाह्यले का?"

सुटका व्हावी म्हणून मी म्हटलं, "हो, ते पाहिले."

"टाकीवर कोणीच नोहतं बाई," असं म्हणून ते चहा प्यायला निघून गेले. मी दिवसभर मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्या. आणि संध्याकाळी परत जाताना ऑटोतून मान बाहेर काढून टाकी पाहिली. टाकीवर खरंच कुणी नव्हतं, पण तिच्या शिडीला कुणीतरी शेळी बांधून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारायच्या आधीच मी शेळी सांगितली. ते म्हणाले, "रंग?" मला रंग आठवेना.

असा माणूस. त्याच्यावर लोभ जडायला वेळ लागतो, आणि जडला तरी तो त्रासच देतो.

सर दिग्रसचे. तिथल्या कापसाच्या जिनिंगमधल्या यंत्रांची दुरुस्ती करणं हा त्यांच्या घरचा धंदा. वडिलांच्या उजव्या हाताची दोन बोटं जिनमध्ये गेली होती. "आब्बा म्हनत, मशीन तुह्याकडं पाहत नसते, तुलेच तिच्याकडं पाहा लागते," हे वाक्य प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या धड्याला ऐकावं लागे. दिग्रसच्या मिस्त्र्याचा मुलगा पायलट कसा झाला, हे मात्र त्यांनी कधी धड सांगितलं नाही. फार मागे लागलं तर म्हणत, "एस्टी चुकली, इमान भेटलं."

बाहेर पाहण्याचं त्यांचं वेड फक्त विमानापुरतं नव्हतं, म्हणून तर ते डोक्याला ताप होतं. शनिवारी ते दिग्रसला घरी जात. एसटीत पुढची जागा धरत आणि ड्रायव्हरच्या काचेवरचा हार, लिंबू-मिरच्या, मुलाचा फोटो हे सगळं बाजूला करायला लावत. पुतण्यानं नवी जीप घेतली, तिच्या पुढच्या काचेवर हौसेनं ७८६ लिहून घेतलं. सरांनी तो आकडा नखांनी खरवडला आणि म्हणाले, "मांगं लाव. अल्ला मांगूनही पाहते." पुतण्या महिनाभर बोलला नाही. सरांना त्याचं काही नव्हतं. लोकांनी आपल्याशी बोलावं यापेक्षा त्यांनी काचेतून बाहेर पाहावं, असंच त्यांना वाटे.

माझी नोकरी सुरू झाली तेव्हा आभाळात पाहण्यासारखं फारसं काही नव्हतं. घारी, करकोचे, आणि आमचीच दोन-तीन जुनी विमानं. मी रेडिओवर वारा कुठला ते सांगायची, पट्टीवर कुत्रं आलं तर चौकीदाराला पिटाळायची. पण ती कापसाच्या संकटाची वर्षं होती. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात, टीव्हीवर. मग दौरे सुरू झाले. दिल्लीचे, मुंबईचे, सत्तेतले, विरोधातले, पाहणी करणारे आणि पाहणी करणाऱ्यांची पाहणी करणारे. कुणी छोट्या विमानानं आमच्याच पट्टीवर उतरे, कुणी हेलिकॉप्टरनं थेट महागावला किंवा मारेगावला कुणाच्या तरी वावरात. आमच्या गावात वर्षानुवर्षं साधी बस वेळेवर आली नव्हती, आणि आता हेलिकॉप्टरं येत होती. माझी आई फोनवर म्हणायची, "आज दोन आले न् बाप्पा. धूळच धूळ. गेले पाहून."

काय पाहून गेले, ते तिलाही कळलं नाही आणि मलाही.

त्यातलंच एक हेलिकॉप्टर एकदा सरांच्या विमानाखालून गेलं. मारेगावकडे निघालं होतं, त्यानं आम्हाला काही कळवलं नव्हतं, त्याचं बोलणं दुसऱ्याच फ्रिक्वेन्सीवर चाललेलं. सर विद्यार्थ्याला घेऊन पट्टीच्या समांतर येत होते. मी खिडकीतून पाहिलं तर दोन्ही एकावर एक. मी माइक हातात घेतला आणि बटण दाबलं. तोवर सरांनी विमान वर उचललं होतं. उतरल्यावर ते माझ्या खोलीत आले आणि खुर्चीवर बसले. चहा दिला तर ग्लास धरवेना. टेबलावर ठेवून त्यांनी तो वाकून प्यायला.

"मी त्याले अगदी शेवटी पाह्यलं बाई," ते म्हणाले. "विमानाचं पोट मधात होतं. मले खालचं दिसतच नाई."

सर घाबरलेले मी त्या एकदाच पाहिले. स्वतःच्या जिवाची त्यांना फार फिकीर नव्हती. त्यांची पोरं एकटी वर जात, हे त्यांना खात होतं. शिकणाऱ्याला पहिल्यांदा एकट्यानं उडवायला पाठवतात, त्याला सोलो म्हणतात. कुणाचा सोलो असला की सर सकाळपासून काही खात नसत. आपण शिकवलेलं एक तरी पोर असं कुणावर तरी आपटून खाली येईल, ही एकच धास्ती त्या माणसाला होती. बाकी सगळा हट्ट, सगळी भांडणं त्या एका धास्तीतून निघालेली.

आणि म्हणूनच ती डबी आली. ती कुणी लादली नव्हती. सरांनीच मागवली. त्यांचा मेहुणा शारजाला होता, त्याच्या मागे लागून लागून त्यांनी ती आणवली.

साबणाच्या डबीएवढी काळी वस्तू, वर दोन आखूड शेपट्या. विमानाच्या पुढच्या काचेपाशी चिकटवायची. आसपास दुसरं विमान आलं की ती टीं-टीं करायची आणि किती लांब, किती वर की खाली, ते आकड्यांत दाखवायची. पहिले काही दिवस सर त्या डबीला नवरीसारखं जपत होते. धुतलेल्या रुमालात गुंडाळून आणायचे, रुमालातच न्यायचे. मला मुद्दाम दाखवायला घेऊन आले.

"पाह्य बाई. ह्याले कान हायेत. विमानाच्या पोटाखालचंही ऐकू येते."

पहिल्या आठवड्यात तिनं एक दौऱ्याचं विमान बरोबर ओळखलं. सरांनी सगळ्यांना जलेबी खाऊ घातली. संचालक साहेब नागपूरला राहत, त्यांना फोन करून सांगितलं की ही चीज प्रत्येक विमानात पाहिजे. फोन ठेवताना इतके खूश होते की मला त्यांनी त्या दिवशी काही विचारलंच नाही. पुढे जे झालं त्याचा पाया सरांनी असा स्वतःच्या हातानं घातला, आणि हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांची चिडचिड आम्हा सगळ्यांच्या वाट्याला आली.

पहिला फटका निखिलच्या वेळी बसला. निखिल पुण्याचा, हुशार, हातात घड्याळ असं की त्यात अजून तीन घड्याळं. त्याला घेऊन सर दिग्रसच्या रस्त्यावर सरावाला गेले होते. डबी अचानक ओरडायला लागली. विमान अगदी जवळ, अगदी आपल्याच उंचीवर. निखिलनं विमान डावीकडे वळवलं. डबी ओरडतेच आहे. उजवीकडे वळवलं, खाली घेतलं, वर घेतलं. जिकडे जावं तिकडे ते विमान पाठीशी. सर हाताची घडी घालून बसून राहिले. निखिल घामाघूम झाल्यावर त्यांनी आमच्या विमानातलं, बाहेर खबर देणारं यंत्र बंद केलं, तशी डबीही गप्प झाली. ती आमच्याच विमानाचा आवाज ऐकून ओरडत होती.

"झालं?" सर म्हणाले. "सोताच्याच मांगं धावून राह्यला होता. एकदा तरी बाहेर पाह्यलं का तुनं?"

निखिलनं हे मला हसत हसत सांगितलं. सर हसले नाहीत. ते माझ्या खोलीत येऊन खिडकीशी उभे राहिले. म्हणाले, "बाई, भूत दिसल्याचं काई नाई. पोट्ट्याचे डोये पूर्ण टाइम डबीत होते. हे मले आधी कळाले पायजे होतं."

नंतर त्यांनी मला नीट समजावून सांगितलं, आणि ते मला आजही पाठ आहे. डबी विमान पाहत नाही. विमानात एक उत्तर देणारं यंत्र असतं, त्याचं उत्तर तेवढं ऐकते. ज्याच्यात ते यंत्र नाही, किंवा असून बंद ठेवलंय, किंवा ज्याला कुणी सादच घातली नाही, तो तिच्या लेखी आभाळात नाही. नागपूरच्या रडारची साद आमच्याकडे खालच्या उंचीवर पोचत नव्हती. म्हणजे मोठी विमानं वरून गेली की डबीला कळे, आणि धोका होता तो सगळा खाली, जिथे डबी बहिरी. घारीचं तर बोलायलाच नको.

"मग नाही घेऊन जायची डबी," मी म्हटलं. मला ते सोपं वाटलं.

"डबी वाईट नाई ना बाई. ज्याले पाहता येते त्याच्या हाती डबी चांगली. ज्याले अजून पाहता येत नाई त्याले ती आंधळं करते. आधी डोये, मंग कान. हा एवढा एक क्रम हाये. पण आता सांगू कोनाले? मीच तर जलेबी वाटली."

संचालक साहेब वाईट माणूस नव्हते. हे मला मुद्दाम लिहावंसं वाटतं, कारण वाईट माणसाशी भांडायला सोपं जातं. साहेब गोड बोलायचे, सगळ्यांच्या घरची चौकशी करायचे. त्यांनी हौसेनं सगळ्या विमानांत डब्या बसवल्या. माहितीपत्रकावर पहिल्या पानावर डबीचा फोटो. पालक आले की साहेब आधी डबी दाखवत, मग विमान. आया-बाप डबीकडे पाहत आणि त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं स्पष्ट दिसे. अशा वेळी सर मागे उभे असत, टोपी काढून डोकं खाजवत. त्यांच्या तोंडावरून मला कळायचं की आता हे काहीतरी बोलणार, आणि मी देवाचं नाव घ्यायची. ते बोलायचेच.

"आमच्या आभाळात बिनबोल्या गोष्टी जास्त हायेत जी," एका बापाला त्यांनी सांगितलं. "त्या ह्या डबीले दिसत नाईत."

त्या बापानं मुलाला तिथे घातलं नाही. साहेबांनी सरांना बाजूला घेऊन अगदी हळू आवाजात समजावलं. सर मोठ्या आवाजात ऐकत होते, म्हणजे दर वाक्याला "नाई" म्हणत होते.

मग ते आभाळातून पडलेलं पत्रक. एका बियाण्याच्या कंपनीनं जाहिरातीसाठी कापडी पंखांचं एक छोटं विमान आणलं होतं. मोटरसायकलला पतंग बांधावा तसलं. ते गावागावांवरून फिरे आणि पत्रकं उधळी. रेडिओ नाही, उत्तर देणारं यंत्र नाही. कुठून उडतं, कुठे उतरतं, कुणाला पत्ता नाही. सरांनी त्यासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. एक कचेरी म्हणे हे आमच्याकडे येत नाही, दुसरी म्हणे लेखी द्या, तिसऱ्या कचेरीतल्या माणसानं विचारलं, "तुमच्या विमानात ते आधुनिक यंत्र आहे ना? मग?"

निखिल त्या आठवड्यात एकट्यानं उडत होता. उडून आला, विमान छान उतरवलं. सर विमानाकडे चालत गेले. मीही गेले, कारण माझी जेवायची सुट्टी होती.

"काय पाह्यलं?"

"काही नाही सर. आज एकदम क्लीन होतं. एकदाही वाजली नाही."

सर खाली वाकले. चाकाच्या वरच्या कांबीत एक कागद अडकलेला होता, हिरवा-पांढरा. त्यांनी तो हळूच ओढून काढला आणि निखिलच्या हातात दिला. बोंडांनी लगडलेलं कपाशीचं झाड आणि वर ठळक अक्षरांत ‘भरघोस उत्पादन’. तो कागद आभाळात पडत असताना निखिल त्यातून गेला होता. म्हणजे ज्यानं तो टाकला तो तिथेच, जरा वर, जरा पुढे होता, आणि पोरानं त्याला पाहिलंच नव्हतं. निखिलला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तसा तो तिथेच पट्टीच्या कडेला गवतात बसला.

सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. मला वाटलं, चला, आता तरी साहेबांना पटेल.

साहेबांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "फारच गंभीर आहे. आपण याहून चांगल्या डब्या मागवू."

मी त्या दिवशी घरी जाऊन स्वयंपाक केला नाही. इतकी चीड आली होती. चीड कुणाची, तेही सांगता येईना. साहेबांची होती, त्या कचेऱ्यांची होती, आणि खोटं कशाला बोलू, सरांचीही होती. शांतपणे, टप्प्याटप्प्यानं, थोडी साखर लावून सांगितलं असतं तर साहेबांनी कदाचित ऐकलं असतं. पण सर कचकन बोलणार, टेबलावर हात आपटणार, आणि समोरच्याला नाही म्हणायला कारण देणार. मी तसं त्यांना म्हटलं. ते म्हणाले, "साखर लावून मी सांगीन बाई, पण घार साखर खात नाई."

तेव्हापासून त्यांनी टोपी वापरायला सुरुवात केली. विद्यार्थी शेजारी बसला की स्वतःच्या डोक्यावरची पांढरी टोपी काढायची आणि डबीवर पालथी घालायची. चहाच्या किटलीवर घालतात तशी. वाजली तर वाजू दे, पाहायचं नाही. नियम मोडला नव्हता, डबी विमानात होतीच. पोरं सुरुवातीला कावरीबावरी होत, मग त्यांच्या माना फिरायला लागत. डावीकडे, वर, उजवीकडे, खाली. उतरल्यावर पट्टीवरच परीक्षा. काय पाह्यलं? आणि त्यात मधेच एखादी न घडलेली गोष्ट घुसवायची, माझ्या पाण्याच्या टाकीसारखी. जो ‘हो’ म्हणे त्याला पुन्हा आकाशात.

या परीक्षेत कधीच न फसलेली एकच पोर मी पाहिली, ती पूनम राठोड. महागावकडच्या तांड्यावरची, शिष्यवृत्तीवर आलेली. घरी बंजाऱ्यांची गोरबोली, आमच्याशी वऱ्हाडी, रेडिओवर अडखळत इंग्रजी. इंग्रजीवरून बाकीची पोरं तिला हसत. पण सरांनी तिला विचारलं, "नाल्यात म्हशी किती होत्या," तर ती म्हणायची, "म्हशी नोहत्या सर. गाळ काढून राह्यले होते, एक मानूस न् दोन गाढवं." सर नुसतं ‘हं’ म्हणत. शाबासकी त्यांना देता यायची नाही. मी एकदा म्हटलं, "सर, पोरीला चांगलं म्हणा की कधी." ते म्हणाले, "चांगलं म्हनलं का मानूस पाहनं सोडून आरशात पाहते."

आणखी एक नियम होता. एकटं उडताना खाली कुणी ओळखीचं दिसलं तरी पंख हलवून खूण करायची नाही. पोरांना त्याची फार हौस असते. सर म्हणत, "आभायात सलाम-दुआ नाई. उतरून कर."

पूनमच्या सोलोच्या दिवशी सरांनी टोपीवरही भागवलं नाही. तिच्या विमानातली डबी उपटली आणि माझ्या टेबलावर आणून ठेवली. मी म्हटलं, "सर, साहेब आज येणार आहेत."

"येऊ दे."

"नुसती टोपी घाला ना. राहू द्या डबी आत."

"एकटी असंल तवा टोपी उचलून पाहावंसं वाटतेच. मले बी वाटलं असतं."

पूनम गेली. एक फेरी, नीट, शांत. सर बाहेर उन्हात उभे, हात पाठीशी, ओठ हलत होते. माझ्या टेबलावर डबी गप्प पडून होती. पूनम उतरली तेव्हा साहेबांची गाडी आवारात शिरत होती आणि तिच्यात एक नवे पालक होते. साहेब त्यांना रेडिओची खोली दाखवायला घेऊन आले आणि टेबलावरची डबी त्यांना दिसली.

पालक गेल्यावर बोलणं झालं. मी तिथेच होते, जाणार कुठे.

"आज काही झालं असतं तर?" साहेब म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज हळू नव्हता.

"काई नाई झालं साहेब."

"नशीब म्हणायचं."

"नशीब?" सरांचा आवाज एकदम खाली आला. "साहेब, काई नाई झालं हेच तर मी करून राह्यलो इतके वर्षं. ते तुमाले मी दाखवू कसं?"

साहेबांनी सरांना दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं. सर टोपी घालून निघाले. जाताना त्यांनी डबी उचलली, फडक्यानं पुसली आणि स्वतःच्या हातानं पूनमच्या विमानात परत बसवून आले. ते का केलं, मी विचारलं नाही.

दिवाळीनंतर ते एकदा आपलं सामान घ्यायला आले. कपाशी फुटली होती. पट्टीच्या दोन्ही बाजूंची वावरं पांढरी झाली होती आणि वेचणाऱ्या बाया ओळीनं वाकलेल्या होत्या. चौकीदारानं सरांना फाटकाशीच थांबवलं. त्याला तसा हुकूम होता, आणि तो बिचारा खाली मान घालून सांगत होता. मी त्यांची पिशवी बाहेर नेऊन दिली. जेवणाचा डबा, नमाजाची जानमाज, एक स्वेटर.

"कोन हाये वरतं?" त्यांनी विचारलं.

"पूनम. एकटीच."

त्यांनी मान हलवली आणि रस्त्याकडे न जाता कुंपणाच्या बाहेरून चालायला लागले. मी खोलीत परतले. खिडकीतून पाहिलं तर पट्टीच्या टोकाला पलीकडच्या वावरात सर उभे होते. पिशवी खांद्याला, तोंड वर. हात नाही हलवला, काही नाही. मला खिडकीतून ते दिसले तेही ठाऊक होतं म्हणून. नाहीतर पांढऱ्या कपाशीत ती पांढरी टोपी मला सापडली नसती.

पूनमनं उतरण्याची वर्दी दिली, नेहमीच्या इंग्रजीत. मी वारा सांगितला. मग रेडिओ एक क्षण खरखरला आणि नियम सोडून ती तिच्या बोलीत बोलली.

"ताई, पट्टीच्या टोकाशी पऱ्हाटीत सर उभे हायेत. पांढरी टोपी."

मी माइकवर ‘समजलं’ एवढंच म्हटलं. ती सरांच्या डोक्यावरून आली, सरळ, पंख तसूभर न हलवता, आणि उतरली. पंख हलवले असते तर त्यांना कळलं असतं की आपण दिसलो. नाही हलवले, कारण त्यांनीच तसं शिकवलं होतं. मी धावत बाहेर गेले, पण सर रस्त्याला लागले होते आणि दिग्रसची बस समोरून येत होती. ते चढले. पुढच्या जागेवर बसून ड्रायव्हरला काहीतरी सांगताना दिसले. बस निघून गेली. मला त्या बसचा, त्या पोरीच्या शहाणपणाचा आणि सरांच्या नियमांचा इतका राग आला की मी तिथेच उभी राहून रडले.

संध्याकाळी पूनमला शेजारी बसवून मी दिग्रसला फोन लावला.

"सर, तिनं पाहिलं तुम्हाला. वरून. तुमची टोपी पाहिली."

पलीकडे कुठलंसं यंत्र चालू होतं, पुतण्याच्या दुकानातलं असावं.

"पाह्यली म्हनता," सर म्हणाले. "अन् माह्या मांगं लाल ट्रॅक्टर उभा होता, तो पाह्यला का? विचारा तिले."

मी विचारलं. पूनमनं डोळे पुसले आणि मान हलवली.

"ट्रॅक्टर नोहता ताई. बंडी होती, सोडेल. एक बैल धुऱ्यावर चरून राह्यला होता. दुसरा बसेल होता."

मी तसंच फोनवर सांगितलं, सोडलेली बैलगाडी, बांधावर चरणारा एक बैल, बसलेला दुसरा.

"बसेलच होता," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.